गाडीचा देश नको, मुदत विचारा

2026 च्या हंगामात राम ही ट्रक बनवणारी कंपनी नॅस्कारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या, ट्रक मालिकेत परतली, तेव्हा अमेरिकेतल्या जुन्या शर्यतशौकिनांनी तिचं दिलखुलास स्वागत केलं. आपली कंपनी परत आली, अशी भावना होती. होंडा नॅस्कारच्या सर्वांत वरच्या, कप मालिकेत उतरणार का, ही चर्चा मात्र जेव्हा जेव्हा निघते, तेव्हा याच मंडळींचा सूर बदलतो. टोयोटा आहे तेवढी पुरे, आणखी एक जपानी कंपनी कशाला, असं ऐकू येतं. आता राम ज्या स्टेलांटिस समूहाची आहे त्याचं मुख्यालय नेदरलँड्समध्ये आहे आणि तिचे हेवी ड्यूटी ट्रक मेक्सिकोतल्या साल्तियो शहरात जोडले जातात. होंडाचा अलाबामातला कारखाना लिंकन गावात, टॅलाडेगा काउंटीत आहे. ज्या टॅलाडेगा सुपरस्पीडवेच्या वेगाचा दबदबा आजही कायम आहे, त्या ट्रॅकपासून तो थोड्याच मैलांवर, त्याच आय-20 महामार्गालगत उभा आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढं म्हणून विषय सोडून देता आला असता. पण या वादात दोन्ही बाजू साप सोडून भुई धोपटत आहेत आणि त्याची किंमत शेवटी या खेळालाच मोजावी लागणार आहे, म्हणून हे लिहितो आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. नवी कंपनी जपानची असो, कोरियाची असो की मिशिगनची, नॅस्कारने तिला दार उघडावं. पण उघडण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्याव्यात. ती किती वर्षं थांबणार, आणि मोठ्या संघांखेरीज किती लहान संघांना इंजिन पुरवणार. या खेळाला परकेपणाने आजवर कधी इजा केलेली नाही. इजा केली ती मूठभर कंपन्यांवर सगळा डोलारा उभा राहिल्याने आणि त्या कंपन्या मनात येईल तेव्हा उठून गेल्याने. आणि उठून जाणाऱ्यांत सर्वाधिक नावं डेट्रॉइटची, म्हणजे अमेरिकी कंपन्यांचीच आहेत.

आधी परदेशी कंपन्यांच्या समर्थकांबद्दल बोलतो, कारण मी त्यांच्या बाजूचा असूनही त्यांचा युक्तिवाद मला पटत नाही. त्यांचं ठरलेलं उत्तर असं, की टोयोटा कॅमरी केंटकीतल्या जॉर्जटाउनमध्ये 1988 पासून बनते, म्हणजे तीच खरी अमेरिकी गाडी. यादी लांबवता येते. 2013 ते 2017 या काळात शेव्हरोलेने शर्यतीत उतरवलेली एसएस ही गाडी ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेडजवळच्या एलिझाबेथ इथे होल्डनच्या कारखान्यात तयार व्हायची. फोर्डची फ्यूजन बहुतांशी मेक्सिकोतल्या एर्मोसियोत जोडली जायची. डॉजची चार्जर कॅनडातल्या ब्रॅम्प्टनची. जिमी जॉन्सनने 2013 आणि 2016 चं विजेतेपद ज्या नावाच्या गाडीवर मिळवलं, ती शोरूममध्ये पोचायची ती पॅसिफिक महासागर ओलांडून. हे सगळं खरं आहे. पण हा मुद्दा मांडताना समर्थक विरोधकांचीच कसोटी मान्य करून बसतात. उद्या टोयोटाने कॅमरीचं उत्पादन मेक्सिकोत हलवलं तर तिला शर्यतीतून काढायचं का? दरवर्षी कुठला सुटा भाग कुठे बनला याची टक्केवारी काढून प्रवेश ठरवायचा का? आणि शर्यतीच्या गाडीला ती टक्केवारी लावायची म्हटली तर काय हाती लागेल? 2022 पासून कप मालिकेत जी गाडी धावते, तिचा गिअरबॉक्स एक्सट्रॅक या ब्रिटिश कंपनीचा, ब्रेक एपी रेसिंग या ब्रिटिश कंपनीचे आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर स्वीडनच्या ओलिन्सचे आहेत. 2012 साली कार्ब्युरेटर जाऊन इंधन इंजेक्शन आलं, तेव्हा त्याचा मेंदू मॅक्लारेनकडून आला. हे भाग फोर्ड, शेव्हरोले, टोयोटा सगळ्यांना सारखेच. कातडी सोलून पाहिली तर तिन्ही गाड्यांचा सांगाडा एकाच पुरवठादाराचा आहे.

मुळात परदेशी गाडी नॅस्कारमध्ये येणं ही काही टोयोटा कप मालिकेत आली त्या 2007 ची घटना नव्हे. बिल फ्रान्स यांनी 1948 साली डेटोना बीचवर ही संस्था उभी केली. पुढच्या वर्षी, शोरूममध्ये मिळते तीच गाडी धावायची, या अटीवर आजच्या कप मालिकेची सुरुवात झाली. त्यानंतर पाचच वर्षांनी, 13 जून 1954 रोजी, न्यू जर्सीतल्या लिंडेन विमानतळाच्या धावपट्ट्यांवर रस्ता आखून शर्यत घेण्यात आली आणि परदेशी गाड्यांना मोकळीक देण्यात आली. जॅग्वार, एमजी, पोर्श अशा गाड्या हडसन आणि ओल्ड्समोबिलच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. अल केलर हा चालक जॅग्वार एक्सके 120 घेऊन आला. गाडी उतरवली होती पॉल व्हाइटमन या प्रसिद्ध वाद्यवृंदप्रमुखाने. केलर जिंकला. दुसरा आला तो हडसन हॉर्नेटवाला जो युबँक्स. आकाश कोसळलं नाही, प्रेक्षकांनी पाठ फिरवली नाही. पुढे नॅस्कारची वाट दक्षिणेकडच्या अंडाकृती ट्रॅककडे वळली, तिथे छोट्या ब्रिटिश गाड्यांचं काम नव्हतं, आणि तो विजय नोंदीपुरता उरला. (ती जॅग्वार कंपनी 2008 पासून आपल्या टाटा मोटर्सच्या मालकीची आहे. कप मालिकेतला पहिला परदेशी विजय ज्या नावावर आहे त्या नावाचे मालक आज मुंबईत बसतात, हे मराठी वाचकाला सांगायला मला आवडतं.)

त्यानंतर परदेशी कंपनीच्या गाडीला जिंकायला 54 वर्षं लागली. त्याच्या आधीचं एक वर्ष आठवण्यासारखं आहे, कारण विरोधकांचा सगळ्यात जोरदार मुद्दा त्या वर्षीच तपासला गेला. तो मुद्दा पैशाचा. टोयोटा ट्रक मालिकेत 2004 साली आली, 2006 साली तिथलं विजेतेपद घेऊन गेली, आणि 2007 पासून कप मालिकेत येणार असं जाहीर झालं, तेव्हा जॅक राउश यांच्यासारख्या जुन्या संघमालकांनी थेट युद्धाची भाषा वापरली. ही कंपनी पैशाच्या जोरावर चांगले इंजिनिअर आणि चांगले मेकॅनिक पळवेल, खर्च एवढा वाढवेल की बाकीचे उरणार नाहीत, अशी ती भीती होती. भीती अनाठायी नव्हती. ज्या कंपनीकडे जगातल्या सर्वांत मोठ्या तिजोऱ्यांपैकी एक आहे ती पाहुणचाराला येत नाही, जिंकायलाच येते. मग झालं काय? डेटोनाच्या पहिल्याच आठवड्यात मायकल वॉल्ट्रिपच्या टोयोटाच्या इंजिनात बेकायदा पदार्थ सापडला. 100 गुण कापले गेले आणि संघाच्या मुख्य तंत्रज्ञाला एक लाख डॉलर दंड झाला. त्यानंतर वॉल्ट्रिप एकामागून एक शर्यतींना पात्रसुद्धा ठरत नव्हता. त्या अख्ख्या हंगामात टोयोटाला एकही विजय मिळाला नाही. तिजोरी होती, पण टॅलाडेगाच्या गर्दीत गाडी कशी धरायची आणि ब्रिस्टलच्या काँक्रीटवर टायर कसे जपायचे, हे ज्ञान विकत मिळत नाही. ते ज्यांच्याकडे होतं त्या जो गिब्स यांच्या संघाने 2008 साली टोयोटाशी हातमिळवणी केली आणि 9 मार्च 2008 रोजी अटलांटात काइल बुशने केलरनंतरचा पहिला परदेशी विजय मिळवला.

आता पुढचा हिशेब मांडा. 2007 ते 2025 या 19 हंगामांत टोयोटाच्या चालकाने कप मालिकेचं विजेतेपद मिळवलं ते तीनदा, 2015, 2017 आणि 2019 साली. उरलेली 16 शेव्हरोले, फोर्ड आणि डॉजची. डेटोना 500 ही मानाची शर्यत जिंकायला टोयोटाला 2016 उजाडलं, आणि तेव्हाही डेनी हॅम्लिन जिंकला तो सेकंदाच्या शंभराव्या भागाने. सगळं गिळंकृत होणार असं ज्यांनी सांगितलं होतं, त्यांनी या आकड्यांकडे एकदा शांतपणे पाहावं. याउलट एखाद्या कंपनीने खरोखर सगळं गिळल्याचं वर्ष बघायचं असेल तर 1965 बघा. नॅस्कारने क्रायस्लरच्या हेमी इंजिनावर बंदी घातली, क्रायस्लरने बहिष्कार टाकला, रिचर्ड पेटीसारखा विजेता ड्रॅग शर्यतींकडे वळला. त्या वर्षी 55 पैकी 48 शर्यती एकट्या फोर्डने जिंकल्या. स्पर्धा संपवणारी ती कंपनी शंभर टक्के अमेरिकी होती, आणि ती काही दुष्टही नव्हती. समोर कोणी उरलंच नव्हतं, एवढंच.

पैशाच्या मुद्द्याला आणखी एक बाजू आहे आणि ती मी मान्य करतो. टोयोटासोबत आलेले बरेचसे संघ टिकले नाहीत. बिल डेव्हिस यांचा संघ दोन हंगामांत विकला गेला, रेड बुल 2011 नंतर गेला, वॉल्ट्रिपचा संघ 2015 मध्ये मिटला. 2017 चं विजेतेपद मिळवून देणारा डेन्व्हरचा फर्निचर रो हा संघ तर पुढच्याच वर्षी प्रायोजक गेला आणि खर्च पेलवेना म्हणून बंद पडला. प्रत्येकाची कारणं वेगळी होती, पण कंपनीचं बळ एकाच मोठ्या संघाभोवती गोळा होत गेलं, हे नाकारता येत नाही. मात्र हा आजार जपानी आहे का? शेव्हरोलेचं बळ हेंड्रिक संघाभोवती आणि फोर्डचं पेन्स्की आणि राउश या संघांभोवती गोळा झालेलं नाही का? कंपनी परदेशी असण्याशी याचा संबंध नाही, कंपनीकडून काहीच हमी न घेतल्याशी आहे. म्हणूनच मी अटींचा आग्रह धरतो.

कामगारांचा मुद्दा याहून अवघड आहे. मिशिगन आणि ओहायोत ज्यांनी फोर्ड आणि जनरल मोटर्समध्ये हयात घालवली, ज्यांचे कारखाने ऐंशीच्या दशकात एकापाठोपाठ एक बंद होत गेले, त्या माणसाला रविवारी टीव्हीवर टोयोटा जिंकताना पाहून आतून दुखत असेल, तर त्याला मागास म्हणून हिणवणाऱ्यांशी माझं जमणार नाही. दक्षिणेतल्या परदेशी कंपन्यांच्या कारखान्यांत बहुतेक ठिकाणी कामगार संघटना नाही, हाही खरा आक्षेप आहे. टोयोटाचा जॉर्जटाउनचा कारखाना आजही संघटनेबाहेर आहे. पण शर्यतीतली बंदी हा त्यावरचा इलाज कसा? मिशिगनची नोकरी कुठे गेली याचं उत्तर अर्धं जपानकडे असेल, पण उरलेलं अर्धं एर्मोसियोकडे, ब्रॅम्प्टनकडे आणि शेव्हरोलेचे सिल्व्हराडो ट्रक बनवणाऱ्या मेक्सिकोतल्या सिलाओकडे आहे. बोधचिन्ह पाहून जिच्यावर लोक जीव टाकतात, ती कंपनी कामगारावर तेवढाच जीव टाकते असं नाही. पुण्याजवळच्या तळेगावात हे आपण पाहिलं आहे. शेव्हरोलेच्या गाड्या बनवणारा जनरल मोटर्सचा कारखाना 2020 च्या अखेरीस थांबला, कामगार कोर्टकचेऱ्या करत राहिले, आणि ती जागा पुढे ह्युंदाईने घेतली. तळेगावच्या त्या कामगाराला मालक अमेरिकी की कोरियन, यापेक्षा कारखाना किती वर्षं चालणार हे विचारायचं होतं. नॅस्कारच्या लहान संघात वेल्डिंग करणाऱ्या माणसालाही तेच विचारायचं असतं.

मग राहतो ओळखीचा प्रश्न, आणि माझ्या मते विरोधकांच्या भात्यातला सर्वांत प्रामाणिक बाण हाच आहे. नॅस्कार हा जाहिरात कंपनीने रचलेला खेळ नाही. कॅरोलिना, जॉर्जिया, टेनेसीच्या डोंगरी भागात चोरटी दारू पोचवणाऱ्या गाड्यांना जास्त वजन पेलण्यासाठी मागे जाड स्प्रिंगा बसवल्या जायच्या. 1949 साली शार्लट इथे या मालिकेची पहिली शर्यत झाली, तेव्हा ग्लेन डनवे पहिला आला आणि तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगा तशाच निघाल्या. त्याला बाद करून कॅन्ससहून लिंकन गाडी चालवत आलेल्या जिम रोपरला विजेता घोषित केलं गेलं. असा या खेळाचा जन्म आहे. घर फोर्डवाल्यांचं की शेव्हीवाल्यांचं, हे तिथे घराण्याच्या कुळाचारासारखं चालत आलं. बापाने अंगणात इंजिन उतरवून पोराला शिकवलं, आणि रविवारी त्याच नावाची गाडी ट्रॅकवर पाहिली. रविवारी जिंका, सोमवारी विका, ही कंपन्यांची म्हण खरी ठरली ती या नात्यामुळे. या नात्यात कॅमरी कुठे बसते, असं कोणी विचारलं तर तो प्रश्न मी उडवून लावणार नाही.

पण हे नातं कुणाशी होतं, ते जरा नीट पाहा. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला हडसन हॉर्नेटवर जीव टाकणारे लोक होते. हर्ब थॉमस आणि टिम फ्लॉक यांनी तिच्यावर लागोपाठ तीन विजेतेपदं मिळवली. हडसन कंपनी 1954 मध्ये नॅशमध्ये विलीन झाली आणि दशक संपायच्या आत नावही पुसलं गेलं. प्लिमथ गेली, ओल्ड्समोबिल गेली, मर्क्युरी गेली, पाँटिअ‍ॅक गेली. यांतल्या प्रत्येक नावामागे कुळाचार होता आणि प्रत्येक वेळी खेळ पुढे चालत राहिला. खुद्द रिचर्ड पेटींचं उदाहरण घ्या. 200 विजय आणि 7 विजेतेपदं मिळवणाऱ्या या माणसापेक्षा जास्त नॅस्कारचा माणूस कोण? प्लिमथने डॉज डेटोनासारखी वेगवान गाडी दिली नाही म्हणून ते 1969 साली फोर्डकडे गेले. त्यांना परत आणायला प्लिमथला सुपरबर्ड ही गाडी बनवावी लागली. 1978 साली डॉज चालेना म्हणून त्यांनी शेव्हरोले घेतली. 1984 च्या 4 जुलैला राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यासमोर त्यांनी शेवटचा, दोनशेवा विजय मिळवला तो पाँटिअ‍ॅकवर. लोक गाडी बदलली म्हणून पेटींना सोडून गेले नाहीत. आणि आज? पेटींचा 43 हा आकडा मिरवणारा लेगसी मोटर क्लब हा संघ 2024 पासून टोयोटा चालवतो. पेटींचं गाव लेव्हल क्रॉस ज्या रँडॉल्फ काउंटीत आहे, त्याच काउंटीतल्या लिबर्टी गावात टोयोटाचा जवळपास 14 अब्ज डॉलरचा बॅटरी कारखाना उभा राहिला आहे. नॅस्कारच्या ऐन माहेरघरात जिथे पुढच्या पिढीला नोकरी मिळणार, तिथलं अंगणातलं इंजिनसुद्धा हळूहळू वेगळं असणार. कुळाचार असाच बदलत आला आहे.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय ओळखीचा मुद्दा पूर्ण होत नाही. आपलं आणि परकं यांची रेघ या खेळात नेहमी देशाच्या सीमेवर पडली आहे का? वेंडेल स्कॉट व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचे, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. 1 डिसेंबर 1963 रोजी जॅक्सनव्हिलला ते शेव्हरोले चालवत जिंकले. ते कृष्णवर्णीय होते. विजेता म्हणून नाव पुकारलं गेलं ते बक बेकरचं, करंडक त्याला मिळाला. प्रेक्षक निघून गेल्यावर चूक मान्य करण्यात आली, पण स्कॉट यांना त्यांच्या हयातीत तो करंडक मिळालाच नाही. त्यांच्या कुटुंबाच्या हाती तो पडायला ऑगस्ट 2021 उजाडला. आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, 58 वर्षांनी, कप मालिकेत जिंकणारा दुसरा कृष्णवर्णीय चालक बब्बा वॉलेस टॅलाडेगाला जिंकला, टोयोटा चालवत. टोयोटाने समतेचा झेंडा हाती घेतला असं मी म्हणत नाही. मात्र अमेरिकी माणूस, अमेरिकी गाडी, अमेरिकी ट्रॅक, सगळं असूनही एखाद्याला परकं ठरवता येत असेल, तर ओळखीची ही मोजपट्टी मुळातच भरवशाची नव्हती, असं म्हणायला नको का?

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. कंपन्या निघून जाण्याचा इतिहास जरा सलग वाचा. 1957 साली अमेरिकी वाहन उत्पादकांच्या संघटनेने ठराव केला आणि कारखान्यांनी शर्यतींचा पाठिंबा काढला. 1963 च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने पुन्हा हात झटकले. 1965 मध्ये क्रायस्लरचा बहिष्कार, 1966 मध्ये इंजिनाच्या नियमावरून फोर्डचा. 1970 संपता संपता फोर्डने शर्यतींतून अंग काढून घेतलं. क्रायस्लर बराच काळ गायब राहिली आणि 2001 साली डॉजच्या नावाने परतली तेव्हा ती डाइमलक्रायस्लरचा भाग होती, सूत्रं स्टुटगार्टमधून हलत होती. जर्मन मालकीवरून त्या वेळी कोणी रान उठवलं नाही. 2012 मध्ये ब्रॅड केसेलोव्स्कीने डॉजला कप विजेतेपद मिळवून दिलं, तेव्हा डॉजने माघार आधीच जाहीर केलेली होती आणि त्याचा संघ फोर्डकडे जायला निघाला होता. विजेतेपदाच्या रात्री कंपनीचं सामान बांधून झालेलं होतं. या कंपन्यांना परकं कोणी म्हणत नाही. पण ज्या इंजिन बनवणाऱ्यांची, रंग देणाऱ्यांची, टायर बदलणाऱ्यांची रोजी त्या निर्णयांवर होती, त्यांना त्या कंपनीच्या राष्ट्रीयत्वाचा काय उपयोग झाला?

शेजारच्या इंडीकार या उघड्या चाकांच्या गाड्यांच्या मालिकेत याचीच दुसरी बाजू दिसते. 2005 नंतर शेव्हरोले आणि टोयोटा दोघीही त्या मालिकेतून बाहेर पडल्या. 2006 ते 2011 या काळात तिथल्या प्रत्येक गाडीला इंजिन पुरवलं ते एकट्या होंडाने. इंडियानापोलिस 500 ही अमेरिकेची जुनी आणि मानाची शर्यत त्या वर्षांत चालू राहिली ती एका जपानी कंपनीने दिलेल्या इंजिनांवर. 2012 साली लोटस आली आणि एका हंगामात निघून गेली. एक परदेशी कंपनी टिकली, दुसरी पळाली, देशी कंपनी गेली आणि परत आली. मग देशावरून काय कळतं? त्याच इंडियानापोलिसला 1913 साली पूजो ही फ्रेंच गाडी जिंकली. तिच्या इंजिनाची रचना हॅरी मिलरच्या लॉस एंजेलिसमधल्या कारखान्यात दुरुस्तीला आलेल्या गाड्यांतून उमगत गेली, आणि त्या धड्यांतून पुढे जे ऑफनहाउजर इंजिन जन्मलं ते अमेरिकी शर्यतींचा अभिमान ठरलं. त्याने इंडी 500 जिंकली ती थेट 1976 पर्यंत. दार बंद ठेवलं असतं तर ते इंजिन घडलं असतं का?

म्हणून होंडा असो की आणखी कोणी, नॅस्कारने कराराच्या टेबलावर झेंडा न ठेवता कॅलेंडर ठेवावं. किमान पाच वर्षं थांबण्याची हमी, आणि मध्येच गेल्यास अनामत रक्कम जप्त होऊन ती त्या कंपनीवर अवलंबून असलेल्या संघांत वाटली जाईल, अशी अट. मोठ्या संघांसोबत किमान दोन लहान संघांना त्याच दर्जाचं इंजिन, ठरलेल्या दरात. आणि हीच अट फोर्ड, शेव्हरोले, टोयोटा यांच्या नव्या करारांतही. रामला ट्रक मालिकेतून पुढे कप मालिकेत यायचं असेल तर तिलाही. कोणी म्हणेल, अटी पाहून कंपन्या येणारच नाहीत. तर येऊ नयेत. पाच वर्षांचा शब्द द्यायला जी कंपनी तयार नाही, तिच्या भरवशावर एखाद्या लहान मालकाने घर गहाण टाकून गाडी उभी करावी, असं सांगायचा नॅस्कारला काय अधिकार आहे?

एका गोष्टीत मात्र मी विरोधकांच्या रांगेत उभा राहीन. कप मालिकेचं 5.86 लिटरचं व्ही-8 इंजिन, त्याचा पुशरॉडचा जुना घाट आणि छातीत घुमणारा आवाज ही या खेळाची हाडामांसाची गोष्ट आहे. 2007 साली टोयोटाला प्रवेश हवा होता तेव्हा तिच्या अमेरिकी शोरूममधल्या कुठल्याच गाडीत तसलं इंजिन नव्हतं. तिच्या कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथल्या तंत्रज्ञांनी ते मुळापासून घडवलं, कार्ब्युरेटरसकट, जेव्हा साऱ्या जगाने कार्ब्युरेटर कधीच सोडला होता. जे इथे चालतं ते शिकून या, एवढंच नॅस्कारने सांगितलं आणि टोयोटाने ते निमूट केलं. आता नव्या कंपनीला ओढून आणण्यासाठी हे इंजिनच बदलायचं, हायब्रीड करायचं, लहान करायचं, असा सौदा कोणी पुढे केला, तर तो नाकारावा. तो सौदा जपानी कंपनीने मागितला तरी नाकारावा आणि जनरल मोटर्सने मागितला तरी.